एनबीए बर्लिन-लंडनला, आपण नागपुरात

बुधवार, १४ जानेवारी २०२६. पुणे ते अजनी

पुण्याहून सकाळी सुटणारी वंदे भारत ८८१ किलोमीटर कापून साधारण बारा तासांनी अजनीला पोचते. पुढे नागपूर स्टेशनपर्यंत ती जात नाही. मुक्काम धरमपेठ-शिवाजीनगरच्या बाजूला असेल तर ऑटोने अजनी चौकात यायचं, मेट्रोची ऑरेंज लाइन धरून सीताबर्डीला उतरायचं, तिथेच अ‍ॅक्वा लाइन पकडायची आणि शंकरनगर चौकात बाहेर पडायचं. संक्रांतीच्या संध्याकाळी दुचाकी टाळलेली बरी. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण तो असतोच, आणि नेमका गळ्याच्या उंचीवर असतो.

आठवडा मुद्दाम निवडलेला आहे. गुरुवारी बर्लिनला आणि रविवारी लंडनला एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले ऑर्लँडो मॅजिक आणि मेम्फिस ग्रिझलीज भिडणार आहेत, आणि हे नुसते प्रदर्शनी सामने नाहीत, नियमित हंगामाच्या तक्त्यात धरले जाणारे आहेत. दिवसा नागपूरची कोर्टं बघायची, रात्री हे सामने बघायचे आणि एका प्रश्नाचा कीस पाडायचा: एनबीएने अमेरिकेबाहेर बिऱ्हाड करावं का, आणि करायचंच तर कसं?

सीमा ओलांडण्याचा अनुभव लीगला आहे. १९९५ मध्ये टोरँटो आणि व्हँकुव्हर असे दोन कॅनडियन संघ आले. टोरँटो टिकला, २०१९ मध्ये अजिंक्य झाला. व्हँकुव्हरचा संघ सहाच हंगामांत, २००१ साली, मेम्फिसला गेला. बर्लिनमध्ये उतरलेले ग्रिझलीज ते हेच. पण टोरँटो न्यूयॉर्कच्याच वेळेत आहे आणि विमानाने दीड तासावर. त्याच्या यशावरून लंडन किंवा माद्रिदचा अंदाज बांधणं म्हणजे पुणे-मुंबईच्या अनुभवावरून नागपूर-पुण्याचं वेळापत्रक आखणं.

हिशेब कागदावर मांडला की चित्र साफ होतं. हंगाम सुमारे १७४ दिवसांचा, सामने ८२, त्यातले ४१ बाहेरगावी. लीग दोन परिषदांत वाटलेली, प्रत्येक परिषदेत तीन विभाग आणि प्रत्येक विभागात पाच संघ असतात. विभागातल्या चार प्रतिस्पर्ध्यांशी चार-चार म्हणजे १६ सामने. आपल्याच परिषदेतल्या उरलेल्या दहा संघांशी ३६, समोरच्या परिषदेतल्या पंधरा संघांशी दोन-दोन म्हणजे ३०. आता कल्पना करा, युरोपातच पाच संघांचा आख्खा विभाग उभा केला. तरी आपसातले सामने होतात १६. उरलेले ६६ अमेरिकी आणि कॅनडियन संघांशीच, आणि त्यातले ३३ अटलांटिकच्या पलीकडे जाऊन. एकटा लंडनचा संघ घेतला तर ४१ च्या ४१ बाहेरगावचे सामने समुद्रापार.

न्यूयॉर्क-लंडन ५,५०० किलोमीटरच्या वर, लॉस एंजेलिस-लंडन पावणेनऊ हजारांच्या आसपास. बोस्टनहून पोर्टलंडला जाणं हा लीगमधला लांबचा पल्ला, तोही चार हजारांच्या घरात. किलोमीटरचं एकवेळ सोडा, खरं दुखणं घड्याळाचं आहे. शरीराला साधारण दिवसाला एक तास जुळवून घेता येतो, हा ढोबळ हिशेब प्रत्येक संघाच्या फिजिओला पाठ असतो. लंडनहून पश्चिम किनाऱ्यावर गेलं की आठ तासांचा फरक. आठ दिवसांत शरीर रुळेपर्यंत चार सामने होऊन जातात आणि परतायची वेळ येते. उपाय म्हणून चाळीस दिवसांचे लांबलचक दौरे सुचवले जातात. ते क्रिकेटला चालतात, कारण कसोटी संघ एका देशात मुक्काम ठोकतो. इथे दर दुसऱ्या दिवशी शहर बदलतं.

गुरुवार, १५ जानेवारी. उघड्यावरची कोर्टं

आज महापालिकेचं मतदान. शाळांच्या इमारतींत केंद्रं, त्यामुळे शाळांच्या आवारातली कोर्टं दिवसभर बंद. वस्तीतली मोकळी मैदानं गाठायची तर पहाटेच. जानेवारीत नागपूरला सूर्य सात वाजायच्या जरा आधी उगवतो आणि थंडी चांगली कडाक्याची असते.

थंडीत पहिली तक्रार चेंडूची. दुपारी ३० अंशांना ८ पीएसआय भरलेला चेंडू पहाटे १२ अंशांवर साडेसहाच्या थोडा वर उतरतो. चेंडू पंक्चर नसतो, आतली हवा आकसलेली असते. मुलं लगेच पंप मारतात आणि दुपारी तोच चेंडू दगडासारखा उसळतो. सकाळच्या सरावासाठी सकाळीच, मैदानावर दहा मिनिटं ठेवून मग हवा भरायची. सुई ओली करून सरळ घालायची, तिरकी घातली की व्हॉल्व्हची रबर फाटते आणि मग चेंडू रोजच बसतो. तपासायची रीत सोपी: १.८ मीटरवरून सोडला की चेंडूचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा.

दुसरी गोष्ट रिंग. उंची ३.०५ मीटर, जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत. टेप लावताना बोर्डाकडची बाजू आणि पुढचं टोक असं दोन्हीकडे मोजायचं. वस्तीतल्या बहुतेक रिंगांचं दुखणं पुढच्या टोकाला असतं, कारण मुलं लोंबकळतात आणि रिंग खाली झुकते. या कोर्टावर मागची बाजू बरोबर होती, पुढची चार सेंटीमीटर खाली. बोर्डामागचे चार बोल्ट हाताने फिरतील इतके सैल. वायसरच्या जागी पत्र्याचा तुकडा, आणि जाळीत कालचा मांजा गुंडाळलेला. रिंग हलवून पाहिली तर तिथल्या पोराने लगेच हटकलं, "काहून हलवता जी? आमची रिंग हाये, पडली त दुसरी कोन देईन?" बोल्ट आवळून दिल्यावर त्याचं समाधान झालं. झुकलेली रिंग आवळून सरळ होत नाही हे मात्र त्याला सांगावं लागलं. बुडाशी वाकलेला लोखंडी पट्टा बदलावाच लागतो.

लीगच्या विस्ताराशी याचा संबंध काय? संबंध कोर्टावरच्या रेषांचा आहे. जगभर, नागपूरसकट, फिबाच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळ शिकवला जातो. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, सामना चार वेळा दहा मिनिटांचा, पाच फाउलला खेळाडू बाहेर, आणि चेंडू रिंगला लागला की कुणीही तो टोलवू शकतो. एनबीएत रेषा ७.२४ मीटरवर, कोपऱ्यात ६.७१ मीटरवर, सामना चार वेळा बारा मिनिटांचा, सहा फाउल, आणि चेंडू रिंगच्या वरच्या काल्पनिक नळकांड्यात असेपर्यंत हात लावणं नियमबाह्य. कोर्टही २८ बाय १५ मीटरऐवजी ९४ बाय ५० फूट, म्हणजे साधारण २८.६५ बाय १५.२४ मीटर. वर्तुळाकार भागातला ४९ सेंटीमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. सोळा वर्षांच्या पोराला त्या ४९ सेंटीमीटरसाठी मनगटाऐवजी खांद्यातून चेंडू ढकलावा लागतो, आणि फेक बिघडते ती तिथेच.

म्हणून वस्तीतल्या कोर्टावर एनबीएची रेषा रंगवायचा हट्ट धरू नये. फिबाची रेषा काढायला ओळंबा रिंगच्या मधोमध सोडायचा. तो बिंदू मागच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. आला नाही तर चूक खांबाची आहे, रेषेची नाही. त्या बिंदूवर एकाने दोरी घट्ट धरायची, दुसऱ्याने ६.७५ मीटरवर खडू फिरवायचा. हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेचं, ५ सेंटीमीटरची जाडी आतल्या बाजूला. बाजूच्या दोन सरळ रेषा कडेपासून ९० सेंटीमीटरवर. सुतळी वापरली की ती ताणते आणि कमान लांबोडकी होते. न ताणणारी दोरी किंवा थेट स्टीलची टेप घ्यायची.

मैदानाबाहेर तर्री पोहे. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा, आणि अंगावर न सांडता खायचं कसब. एनबीएचा नागपुरी प्रेक्षक याच वेळेचा आहे: न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला, लॉस एंजेलिसचा नऊला. कॉलेजातली मुलं पोहे खाता खाता मोबाइलवर शेवटचा क्वार्टर बघतात. लीग युरोपात आली की ही वेळच उलटी होते. आजचा बर्लिनचा सामना तिथे रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला. शेजारचा पहिल्या क्वार्टरलाच झोपला असणार.

बर्लिन निवडण्याचं कारण उघड आहे. ऑर्लँडोचे फ्रान्झ आणि मोरित्झ वाग्नर हे भाऊ बर्लिनचेच, आणि जर्मनी २०२३ चा विश्वविजेता. एनबीएत आज अमेरिकेबाहेर जन्मलेले सव्वाशेच्या वर खेळाडू आहेत. २०१९ पासून सर्वोत्तम खेळाडूचा किताब अमेरिकेत जन्मलेल्या कुणालाही मिळालेला नाही: यानिस, योकिच, एम्बीड, मग कॅनडाचा शे गिलजस-अलेक्झांडर. प्रतिभा युरोपात तयार होते आणि कमाई अमेरिकेत होते, ही लीगची खरी बोच आहे. विस्ताराचं सगळं राजकारण इथून सुरू होतं.

शुक्रवार, १६ जानेवारी. मानकापूर

आज मतमोजणी. ढोल-ताशे आणि गुलाल चुकवायचा तर सकाळी लवकर मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल गाठावं. सीताबर्डीहून ऑटोने सोयीचं.

नागपुरात बंदिस्त खेळाला प्रेक्षक येतो का, याचं उत्तर इथे मिळालेलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॅडमिंटनची राष्ट्रीय स्पर्धा याच संकुलात झाली आणि अंतिम सामन्यात साईना नेहवालने पी. व्ही. सिंधूला हरवलं. दुसरा गेम २७-२५ पर्यंत ताणला होता. गर्दीची चिंता नसावी. चिंता जमिनीची आहे.

बॅडमिंटनला सिंथेटिक मॅट अंथरली की काम भागतं. व्यावसायिक बास्केटबॉलला मेपल लाकडाची, सुटी करता येणारी फरशी लागते. चार बाय आठ फुटांचे दोनशेच्या वर तुकडे, खालून एकमेकांत अडकवायचे. सराईत टोळी तीन-चार तासांत अंथरते. तुकडे क्रमाने, मधल्या रेषेपासून बाहेर अंथरायचे. कडेपासून सुरुवात केली की शेवटच्या ओळीत फट राहते आणि कुणीतरी ती हातोडीने ठोकून बसवतं. ठोकलेल्या सांध्याखाली पोकळी राहते, तिथे चेंडू उसळतच नाही. ड्रिबल करणाऱ्याला ती मेलेली जागा दोन मिनिटांत कळते आणि पाहुणा संघ तिथेच अडकतो.

मेपलला सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि तापमान १३ ते २४ अंश मानवतं. नागपूरचा मे ४५ अंशांवर आणि ठणठणीत कोरडा. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे. मेमध्ये लाकूड आकसून फटी पडतात, पावसाळ्यात फुगून पट्ट्यांच्या कडा वर येतात आणि फरशी पन्हाळीसारखी होते. सामन्याच्या दिवशी एसी लावून हे सुटत नाही. फरशी आणल्यावर त्याच हॉलमध्ये, त्याच तापमानाला काही दिवस मुरू द्यावी लागते, म्हणजे एसी आठवडाभर चोवीस तास चालू. हे बिल कोण भरणार हा प्रश्न तिकीटविक्रीच्या आधी विचारायचा असतो.

दमटपणा काय करतो ते अमेरिकेनेच अनुभवलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये जहाजांच्या डेकवर कॉलेजचे सामने ठेवले होते. संध्याकाळी फरशीवर दव साचलं, एक सामना अर्ध्यात थांबला, दुसरा सुरूच झाला नाही. टॉवेलने पुसून दव जात नाही, कारण गार फरशीवर ते पुन्हा धरतं. वीज हे दुसरं दुखणं. डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिको सिटीत एनबीएचे स्पर्स आणि टिंबरवुल्व्ह्ज खेळणार होते. जनरेटर पेटला, हॉलभर धूर झाला आणि सामना नंतर मिनीआपोलिसला खेळवावा लागला. जनरेटर हॉलच्या हवा आत ओढणाऱ्या झरोक्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा, एवढा साधा नियम लग्नाच्या मांडववाल्यालाही ठाऊक असतो.

अशा हॉलमध्ये शिरल्यावर बघायचं ते एवढंच: छताची मोकळी उंची किमान सात मीटर, मागच्या रेषेमागे दोन मीटर मोकळी जागा, आणि बोर्डामागच्या खिडक्या. पश्चिमेची खिडकी उघडी राहिली की चार वाजताच्या सामन्यात फ्री थ्रो टाकणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. पडदा लागतोच, आणि तो सरकवणारा माणूसही नेमावा लागतो.

संध्याकाळी सावजी. तेलाचा तवंग बाजूला करून खाणाऱ्यांनी दुसरीकडे जेवावं.

शनिवार, १७ जानेवारी. जामठा

ऑरेंज लाइनच्या शेवटी खापरी, तिथून ऑटोने वर्धा रोडवर जामठ्याचं विदर्भ क्रिकेट संघटनेचं (व्हीसीए) मैदान. बुधवारी इथे न्यूझीलंडविरुद्ध टी-२० आहे, तयारी सुरू आहे. बास्केटबॉलच्या सहलीत क्रिकेटचं मैदान कशाला, तर पाहुण्या संघाचं 'घर' म्हणजे काय असतं हे नागपूरने इथे पाहिलंय. २०१० मध्ये हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचे काही घरचे सामने इथे झाले. २०१६ मध्ये पंजाबचे ठरले होते, पण दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने सामने राज्याबाहेर न्यायला लावले. गर्दी झाली, गल्ला झाला, पण नागपूरचं पोर डेक्कन चार्जर्सचं झालं नाही. संघ आला तसा गेला.

आयपीएल स्वतःही परदेशी गेली: २००९ ला दक्षिण आफ्रिका, २०१४ चा पहिला टप्पा आणि २०२० अख्खी अमिरातीत. दर वेळी अडचणीपोटी, दर वेळी परत. मालकांना खरंच बाहेर पाय रोवायचे होते तेव्हा त्यांनी मुंबई इंडियन्स केपटाऊनला हलवली नाही. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेची स्वतंत्र एसए-२० सुरू झाली, तिचे सहाही संघ आयपीएलच्या मालकांनी घेतले. वेळापत्रक तिथलं, खेळाडू बरेचसे तिथले, पैसा आणि नाव इथलं. बास्केटबॉलमध्ये एनबीएने हेच आफ्रिकेत केलं. फिबाबरोबर बारा संघांची बास्केटबॉल आफ्रिका लीग काढली आणि २०२१ मध्ये किगालीत पहिला हंगाम खेळवला. एनबीएकडे नमुना तयार असताना लंडनला संघ द्या म्हणणारे नक्की काय मागताहेत ते समजत नाही.

आपल्या वाट्याला आले ते ऑक्टोबर २०१९ चे दोन सराव सामने. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स विरुद्ध किंग्ज. पहिल्याला हजारो शाळकरी मुलं नेली होती. पेसर्सनी तो जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले, त्यामुळे कौतुकही झालं. त्यानंतर एनबीए सामना घेऊन भारतात आलेली नाही. आपल्याकडच्या यूबीए या बास्केटबॉल लीगने २०१५ मध्ये सुरुवात केली, पुणे पेशवाज वगैरे संघ झाले आणि २०१७ नंतर तीही बंद. २०२२ च्या आयएनबीएल या दुसऱ्या देशी लीगमध्ये सहा शहरं होती, नागपूर नव्हतं. खरं तर भारताकडून खेळलेली सिया देवधर याच शहराची.

सतनाम सिंग भमरा २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, पण नियमित हंगामात एकही सामना खेळला नाही. सात फुटांच्या वरचा मुलगा हुडकणं एकवेळ जमतं. दहा ते सतरा या वयात त्याला आठवड्याला चार-पाच नीट स्पर्धात्मक सामने मिळणं, हे भारतात जमत नाही.

रविवार, १८ जानेवारी. लंडन, रात्री साडेदहा

लंडनला संध्याकाळी पाच, न्यूयॉर्कला दुपारी बारा, नागपुरात रात्री साडेदहा. तिन्हीकडे लोक जागे असतील अशी वेळ दिवसातून एवढीच, आणि ती फक्त शनिवार-रविवारी. इतर वारी लंडनची संध्याकाळ म्हणजे अमेरिकेची कामाची दुपार. तिथल्या वाहिन्या ज्या वेळेचे पैसे मोजतात ती वेळ रिकामीच राहते. एका रविवारचा सामना छान दिसतो म्हणून ४१ सामने तसेच दिसतील असं कुणी समजू नये.

मार्च २०२५ मध्ये एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर आणि फिबाचे सरचिटणीस आंद्रेआस झागक्लिस यांनी युरोपसाठी वेगळ्या लीगचा विचार जाहीर केला. बोललं गेलं ते सोळा संघांबद्दल, त्यात बारा कायमचे आणि चार पात्रतेतून येणारे. नियम फिबाचे, चाळीस मिनिटं. सुरुवात ऑक्टोबर २०२७ च्या सुमारास. आराखडा बरोबर दिशेचा आहे. अडचण त्या बारा जागांची आहे. युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा आधीच वीस संघांची आणि ३८ फेऱ्यांची झाली आहे, तीत दुबईही आली. रियाल माद्रिद किंवा पानाथिनाईकोस यांसारखे क्लब एकाच वेळी देशाची लीग, युरोलीग आणि ही नवी लीग खेळू शकत नाहीत. देशी लीग सोडली तर रविवारचे स्थानिक सामने, त्या सामन्यांवर जगणारे छोटे क्लब आणि तिथून वर येणारी मुलं, सगळ्यांचा श्वास अडकतो. चार जागा खरोखर खेळून मिळवायच्या असतील तर या क्लबांना जगायला कारण राहील. त्या जागा पुढेमागे विकल्या गेल्या तर वाग्नर भावांसारखी पोरं घडवणारी विहीरच आटेल, आणि पहिला तोटा एनबीएचाच होईल.

जानेवारी २०२७ साठी मँचेस्टर आणि पॅरिस, २०२८ साठी बर्लिन आणि पॅरिस ही शहरं जाहीर झालेली आहेत. म्हणजे नवी लीग निघाली तरी अमेरिकी संघांचे हे दोन-दोन सामन्यांचे दौरे चालूच राहणार. त्यांनाही एक अट हवी: दोन्ही संघ युरोपात पोचल्यावर पहिल्या सामन्याआधी किमान तीन पूर्ण दिवस, आणि परतल्यावर घरच्या कोर्टावरच पुढचा सामना. तेवढी फट ८२ सामन्यांत बसत नसेल तर सामने ७८ करावेत. मालक त्याला सहजी राजी होणार नाहीत, कारण घरच्या प्रत्येक सामन्यामागे तिकीट, पार्किंग आणि पॉपकॉर्नचं उत्पन्न बुडतं.